गेमच्या सीडीचं दुकान: मराठवाड्यात आज तिथून काय घ्यावं, काय टाळावं

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल बाजारात किंवा सिडकोतल्या कॅनॉट परिसरात पीएस५ ची (सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची) सीडी विचारा, बहुतेक काउंटरवर समोर येतो तो कंट्रोलर, हेडफोन नाहीतर वॉलेट कोड, म्हणजे ऑनलाइन स्टोअरच्या खात्यात पैसे भरायचा कोड. निव्वळ गेम विकणारं दुकान मराठवाड्यात आधीही मोजकंच होतं. लातूर, नांदेड, परभणीकडे सीडी मिळायच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या एखाद्या कपाटात किंवा तासावर पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमध्ये. ती कपाटंही आता रिकामी होत चालली आहेत. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. या सगळ्या काउंटरवर आज जी सेवा मिळते तिचं आहे: नवी सीडी, जुनी सीडी, अदलाबदल, दुरुस्ती आणि ‘डिजिटल गेम’ म्हणून विकला जाणारा प्रकार.

निकाल आधीच सांगतो. जुन्या सीडीसाठी आणि दुरुस्तीसाठी दुकान आजही पैसे वाचवतं, आणि तेवढ्यासाठी ते टिकायला हवं. नवी सीडी छापील किमतीला घ्यावी ती दुकानदार परत घेण्याचा भाव आधी सांगत असेल तरच. ‘कोणताही गेम पाचशेत’ या पाटीखालचं काहीही घेऊ नये.

दुकानं आटली त्याचं कारण गल्ल्यात आहे. नव्या सीडीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही. वितरकाकडून माल रोखीनं उचलायचा, चार-पाच हजारांची एकेक सीडी कपाटात अडकवून ठेवायची आणि ऑनलाइन सेल लागला की तीच खरेदीच्या भावाखाली सोडायची. खरा पैसा होता तो जुन्या सीडीच्या फिरतीत. एकच सीडी चार-पाच हातांतून जायची आणि दर वेळी दुकानात दोन-चारशे रुपये ठेवून जायची. ऑनलाइन स्टोअरवरून आपल्या खात्यावर डाउनलोड केलेला, म्हणजे डिजिटल, गेम परत विकताच येत नाही, म्हणून डिजिटल खरेदी वाढली तशी ही फिरती थांबली. सोनीच्या आकड्यांनुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात पीएस४ आणि पीएस५ च्या पूर्ण गेमच्या विक्रीत सुमारे ७० टक्के वाटा डाउनलोडचा होता. दुकानात परत येऊ शकेल अशी सीडी मुळात कमीच विकली जाते आहे. ब्रिटनमधल्या ‘गेम’ या मोठ्या साखळीनं तर २०२४ मध्ये दुकानांत जुन्या सीडी घेणंच बंद केलं. आपल्याकडे भर पडली ती मोबाइलची. आधी पबजी, २०२१ पासून त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय. फुकटचा गेम खिशात आल्यावर कॉलेजची पोरं पार्लरला आणि पर्यायानं सीडीच्या कपाटाला दुरावली.

हिशोब

स्लिम (पातळ) पीएस५ भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा सीडीवाल्या कन्सोलची किंमत ५४,९९० रुपये होती आणि बिनसीडीच्या डिजिटल एडिशनची ४४,९९०. म्हणजे सीडी चालवण्याच्या सोयीचे दहा हजार. हे दहा हजार वसूल होतात का, हा मराठवाड्यातल्या ग्राहकाचा खरा प्रश्न आहे.

समजा ४,९९९ रुपयांचा गेम नवा घेतला, महिनाभरात संपवला आणि दुकानात ३,३०० ला परत दिला. खर्च झाला १,७०० रुपये. तोच गेम डिजिटल घेतला तर ४,९९९ गेले ते गेले. एका गेममागे ३,३०० वाचले, म्हणजे चौथ्या गेमला सीडी ड्राइव्हची किंमत वसूल. जुनी सीडी २,५०० ला घेऊन १,९०० ला दिली, तर तो गेम ६०० रुपयांत खेळून झाला.

पण ताजा गेम लागत नसेल आणि सेलची वाट बघायची तयारी असेल, तर चित्र बदलतं. वर्ष-दोन वर्षं जुने मोठे गेम प्लेस्टेशन स्टोअर या सोनीच्या ऑनलाइन दुकानात निम्म्या किमतीला येतात. २,५०० ला घेतलेल्या डिजिटल गेमसमोर सीडीचा १,७०० चा खर्च ठेवला तर फरक उरतो ८०० चा, आणि दहा हजार वसूल व्हायला बारा-तेरा गेम लागतात. वर्षाला दोन-तीन गेम खेळणाऱ्यानं हे आधी कागदावर मांडून बघावं. ज्याच्याकडे पीएस४ च्या सीडी आहेत त्यानं मात्र डिजिटल एडिशन घेऊच नये. त्या सीडी पीएस५ वर चालतात, पण ड्राइव्ह असेल तरच.

इथं अदलाबदलीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्या मुलाला मोठा गेम खेळायला मिळायचा तो याच सोयीमुळे. एकदा नवी सीडी घ्यायची, मग तीनशे-चारशे भरून बदलत राहायचं. ऑनलाइन स्टोअर कितीही सेल लावो, ही सोय ते देत नाही. म्हणून अदलाबदल करणारं दुकान तुमच्या शहरात उरलं असेल तर तिथून घ्या, त्याला गिऱ्हाईक द्या.

अदलाबदलीत दुकानदार भाव कशावर ठरवतो तेही माहीत असू द्या. क्रिकेट, फुटबॉल, कुस्तीच्या गेमचा भाव पुढच्या आवृत्तीची घोषणा झाली की कोसळतो. फुटबॉलची नवी आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबरअखेर येते, म्हणून जुनी जुलैपर्यंत काढून टाकावी. कथेवर चालणारे गेम पहिल्या दोन महिन्यांत चांगला भाव देतात. स्टोअरवर पहिला मोठा सेल लागला की दुकानातही भाव उतरतो. डबा, आतलं कागदी कव्हर आणि सीडी तिन्ही असेल तर मागाल तो भाव मिळण्याची शक्यता वाढते. नुसती सीडी कागदाच्या पाकिटात नेली तर दुकानदार दोन-तीनशे हमखास कापतो, आणि ते चुकीचंही नाही, कारण तशी सीडी पुढे विकायला त्यालाही जड जाते.

जुनी सीडी घेताना

सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधून कडेकडे जाणारा बारीक ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो. गोल फिरणारा, वाचण्याच्या दिशेनं गेलेला ओरखडा धोक्याचा. मग मधल्या भोकाभोवतीची कडी बघा. डब्यातून जोरानं ओढून काढलेल्या सीडीला तिथं केसासारखी चीर पडते आणि ती पुढे वाढत जाते. अशी सीडी फुकट मिळाली तरी नको.

‘पॉलिश मारून देतो’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या कन्सोलची सीडी आहे ते आधी बघा. पीएस२ किंवा एक्सबॉक्स ३६० ची डीव्हीडी असेल तर पॉलिश खरंच चालतं, कारण डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून सुमारे ०.६ मिलिमीटर आत असतो. पीएस३, पीएस४, पीएस५ च्या सीडी ब्लू-रे आहेत. त्यांत हा थर फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो आणि वर कडक लेप असतो. तिथं घासलं की लेप जातो आणि सीडी कायमची संपते. ब्लू-रेवर खोल ओरखडा असेल तर सौदा तिथंच सोडा.

दुकानात कन्सोलवर लावून बघण्याचा आग्रह धरा. नुसतं चित्र दिसलं म्हणजे सीडी चांगली, असं नाही. गेम सीडीवरून आतल्या स्टोरेजवर कॉपी होतो आणि खराब जागा आली की कॉपी मध्येच अडते. साधारण ६० जीबीच्या सीडीला अर्धा तास लागतो. दुकानदार तेवढा वेळ थांबू देत नसेल तर बिलावर ‘तीन दिवसांत बदलून मिळेल’ असं लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

डब्यावरच्या खुणाही वाचा. भारतात अधिकृतपणे येणाऱ्या डब्यावर बहुधा पेगी या युरोपीय पद्धतीचं चौकोनी वयचिन्ह असतं आणि मागे आयातदाराचं नाव व एमआरपीचं स्टिकर असतं. त्याऐवजी ईएसआरबी या अमेरिकी पद्धतीचं टी किंवा एम असं अक्षर असेल तर ती अमेरिकेची सीडी. गेम चालेल, पण भारतीय खात्यावरून घेतलेलं त्या गेमचं जादा पॅक त्यावर चालणार नाही. परदेशातून कुणी आणून विकलेल्या सीडीत हा त्रास हमखास निघतो, आणि तो कळतो पैसे भरून झाल्यावर.

डबा आहे, गेम नाही

काही सीडींवर गेमच नसतो. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ सीडीवर जेमतेम ७० एमबी माहिती होती, बाकी सगळं डाउनलोड. २०२५ च्या डूम: द डार्क एजेसचंही तसंच. अशी सीडी म्हणजे नुसती किल्ली. ती परत विकता येते एवढाच तिचा फायदा. निन्टेन्डोनं आपल्या स्विच २ या कन्सोलसाठी ‘गेम-की कार्ड’ काढून हाच प्रकार उघडपणे सुरू केला. काही गेमची सीडी निघतच नाही किंवा उशिरा निघते. ॲलन वेक २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, सीडी आली ती वर्षभरानं. घेण्याआधी डब्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची ओळ आहे का ते बघा.

हे महत्त्वाचं का, तर आपल्याकडचं नेट. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेपाच तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. शहरातल्या फायबरवाल्यांना ही अडचण नाही. पण तालुक्याच्या गावी रोज २ जीबीच्या रिचार्जवर हॉटस्पॉट लावून खेळणाऱ्याचा तो पन्नास दिवसांचा कोटा आहे. अशा ठिकाणी पूर्ण गेम असलेली सीडी हाच एक मार्ग उरतो. सीडीवरच्या गेमलाही नंतर अपडेट लागतं, कधी कधी वीस-तीस जीबीचं, पण एकट्यानं खेळायच्या बऱ्याच गेममध्ये ते लगेच न घेताही सुरुवात करता येते.

डिजिटलच्या परताव्याचे नियमही माहीत हवेत. स्टीम या ऑनलाइन दुकानात कॉम्प्युटरचा गेम घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवरही १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की तो हक्क जातो. त्यामुळे घेतल्या घेतल्या आपोआप डाउनलोड सुरू होण्याचं सेटिंग बंद ठेवा. आणि डिजिटल गेम म्हणजे मालकी नव्हे, परवाना. निन्टेन्डोनं ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन स्टोअर मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. तिथं नवी खरेदी आता होत नाही. सीडी हाही कायमचा विमा नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि त्याची सीडी असलेल्यांचाही गेम थांबला.

‘डिजिटल गेम पाचशेत’

नव्या सीडीचा धंदा बसल्यावर काही काउंटरनी हा प्रकार सुरू केला. इथं गेम विकला जात नाही, दुसऱ्याचं खातं तुमच्या कन्सोलवर घातलं जातं. एका खात्यावरचा गेम एका पीएस५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू करून इतरांनाही खेळता येतो, त्या सोयीचा हा गैरवापर. तेच खातं दुसऱ्या गिऱ्हाइकाला ‘सेकंडरी’ म्हणून विकतात. त्याला दर वेळी नेट लागतं, आणि दुसरा कुणी खेळत असेल तर याचा गेम बंद पडतो. खात्याचा मूळ मालक सहा महिन्यांतून एकदा सगळ्या कन्सोलवरचा हक्क दुरून काढून घेऊ शकतो. सोनीच्या नियमांत खातं विकणं बसत नाही, त्यामुळे खातं बंद झालं तर दाद मागायला जागा नाही. पाचशे रुपयांना तीन महिन्यांचा गेम मिळतो आणि चौथ्या महिन्यात ‘कुलूप’ दिसतं.

पीएस४ ‘हार्ड डिस्क भरून’ देणाऱ्यांचंही तेच. ते कन्सोल जेलब्रेक केलेले, म्हणजे सोनीचं सॉफ्टवेअर संरक्षण तोडलेले असतात. अशा कन्सोलला अपडेट केलं की जेलब्रेक जातो, ऑनलाइन गेलं तर तो बंदीच्या धोक्यात येतो, आणि त्यावरचा प्रत्येक गेम चोरीचा असतो. जुना पीएस४ घेताना सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून सॉफ्टवेअरचा आकडा बघा. खूप जुना आकडा ठेवलेला असेल तर त्यामागचं कारण विचारा. साधा, न छेडलेला पीएस४ असेल तर तो ९.०० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर असणं चांगलं. त्याआधीच्या आवृत्त्यांत आतला घड्याळाचा सेल संपला आणि नेट नसलं तर गेम उघडायचे नाहीत. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटनं ते सुधारलं.

दुरुस्ती: दुकानाची सगळ्यात मोलाची सेवा

कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची स्टिक आपोआप सरकू लागली की बरेच जण नवा कंट्रोलर घेतात. गरज नसते. पीएस५ च्या कंट्रोलरमधलं स्टिकचं मॉड्युल बोर्डावर सोल्डरच्या १४ टाक्यांनी जोडलेलं असतं. कसबी कारागीर ते काढून नवं बसवतो. हॉल इफेक्टचं (चुंबकावर चालणारं) मॉड्युल असेल तर विचारून तेच घ्या, कारण त्यात घासणारा भाग नसल्यानं ते जास्त टिकतं. बसवल्यावर मधला बिंदू जुळवावा लागतो. कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडून कॅलिब्रेशन करून देता का, हे आधी विचारा. ‘त्याची गरज नसते’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका, स्टिक पुन्हा सरकलेलीच मिळेल.

एचडीएमआय पोर्ट, म्हणजे टीव्हीची केबल लावायची जागा, हे आपल्याकडचं दुसरं दुखणं. केबल ओढली गेली की पिना वाकतात, ते पोर्ट बदलून निभावतं. अर्थिंग नीट नसलेल्या घरात मात्र चालू टीव्हीला चालू कन्सोल जोडताना झटका बसतो आणि पोर्टमागची चिप जाते. हे काम जास्त खर्चाचं आणि जास्त कौशल्याचं. केबल लावताना दोन्हींचे स्विच बंद करा, आणि वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

पीएस५ साफ करायला देताना एकच प्रश्न विचारा: आत लिक्विड मेटल आहे हे माहीत आहे का? प्रोसेसरवर साधी पेस्ट नसून वीज वाहून नेणारा द्रव धातू असतो. तो इकडेतिकडे सांडला तर बोर्ड जातो. धूळ काढण्यासाठी हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) उघडण्याची गरज बहुतेक वेळा नसते. बाजूचं पॅनल काढून पंखा आणि धूळ जमण्याची भोकं हलक्या व्हॅक्युमनं साफ केली तरी पुष्कळ होतं. सोनीनं पीएस५ साठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलं आहे. परभणी-नांदेडचा एप्रिल-मे त्याच्या कितीतरी वर असतो, तेव्हा दुपारी कूलरशिवाय लांबलचक खेळणं टाळा. कूलरचा ओला झोत थेट कन्सोलवर सोडू नका.

सीडी ड्राइव्ह बिघडला तर मॉडेल बघा. पहिल्या, जाड पीएस५ मध्ये ड्राइव्हचं छोटं सर्किट बोर्ड त्याच कन्सोलच्या मदरबोर्डशी जोडीनं बांधलेलं असतं. दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह जसाच्या तसा बसवला तर सीडी ओळखली जात नाही. जुनं सर्किट बोर्ड ठेवून बाकी यंत्रणा बदलावी लागते. स्लिममध्ये ड्राइव्ह सुटा निघतो, पण नवा बसवल्यावर जोडणीसाठी एकदा नेट लागतं. डिजिटल स्लिम घेऊन ‘नंतर ड्राइव्ह बसवू’ असा विचार असेल, तर ड्राइव्ह कुठे आणि कितीला मिळतो ते कन्सोल घेण्याआधी पक्कं करा. बाहेरून आलेल्या ड्राइव्हवर इथं वॉरंटी मिळेलच असं नाही.

जवळ कारागीर नसेल आणि कन्सोल ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं पुण्याला किंवा संभाजीनगरला पाठवायचा असेल, तर आतली सीडी आधी काढा, नाहीतर हिसक्यानं ड्राइव्ह आणि सीडी दोन्ही जातात. मागचा सीरियल नंबर आणि स्क्रूवरचं सील दिसेल असे फोटो काढून ठेवा. पीएस५ च्या गेमचे सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) सुटे पेन ड्राइव्हवर कॉपी करता येत नाहीत, क्लाउडवर ठेवायला प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं. महिनाभराचं घेऊन ते वर टाका आणि मगच खोक्याला टेप मारा.